काळी डबी

आमच्या घरात माणसं तीन होती आणि ताटं दोन. बाप आणि मी ताटात जेवायचो, आई चुलीपुढेच भाकर मोडून खायची. जैनथच्या बाजूला, पैनगंगेच्या अलीकडे आमची वस्ती. आई-बाप दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायचे. बोंडांच्या टोकांनी आईच्या बोटांना इतक्या चिरा पडायच्या, की भाजीत तिखट टाकताना ती पळीच वापरायची, हात लावत नसे. बापाला सही येत नव्हती. मी सरकारी वसतिगृहात गेलो तेव्हा मला पहिल्यांदा माझ्या एकट्याचं ताट मिळालं, आणि पहिल्या दिवशी मी ते जेवण झाल्यावरही बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. कुठून निघालो ते सांगितल्याशिवाय पुढचं कळत नाही. वसतिगृहात पेटी होती, ती मी शिकलो. आदिलाबादला कॉलेजात गेलो तेव्हा फी, खोली आणि दोन वेळचं जेवण मी एका गाण्याच्या पार्टीत कीबोर्ड वाजवून मिळवलं. ती पार्टी ज्यांची होती त्यांच्याबद्दल लिहायचं आहे. नाव लिहीत नाही. नावाने त्यांना कोणी ओळखतही नव्हतं. सगळे त्यांना गिरदावर म्हणत.

गिरदावर म्हणजे महसूल खात्यातला माणूस, गावोगाव फिरून पिकांची पाहणी करणारा. ते नोकरीतून निवृत्त झाले, पण पाहणी सुटली नाही. आधी पिकांची करत होते, मग आवाजाची करायला लागले. कोणत्याही घरात शिरले की उंबऱ्यातच एक टाळी वाजवायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. चहाचा कप हातात आला की नखाने टिचकी मारून पाहायचे, टिचकी बद्द वाजली तर म्हणायचे, "तडा गेलाय. दुसरा आना." पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले तेव्हाही पहिली टाळी, मग दुसऱ्या खोलीत जाऊन दुसरी टाळी. परत येऊन सगळ्यांना सांगितलं, "घर एक नंबर हाय. बिलकुल घुमत नाई." मुलगी कशी होती ते त्यांना आठवत नव्हतं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कपाळावर हात मारला.

"मौक्यावर जाऊन पाहा लागते," हे त्यांचं आवडतं वाक्य; मौका म्हणजे महसुली भाषेत प्रत्यक्ष जागा. आमचा कार्यक्रम चालू असताना ते स्टेजवर कधीच नसायचे. कधी शेवटच्या रांगेत, कधी बायकांच्या बाजूला, कधी स्वयंपाकाच्या कढईपाशी. एकदा लग्नाच्या पंगतीत शिरून बसले आणि जेवणाऱ्या माणसाला विचारलं, "पेटी ऐकू येऊन राह्यली का? बरोब्बर सांगा." तो म्हणाला, "मठ्ठा नाई आला अजून." दुसऱ्या दिवशी सकाळी ते एका लांबट वहीत कालच्या कार्यक्रमाचा पंचनामा लिहायचे. त्यातल्या काही ओळी मला अजून पाठ आहेत. 'भोंगा नंबर दोन नाकात बोलतो.' 'गायक गुरुजी तिसऱ्या गाण्यात घाबरले, कारण समोर त्यांचे हेडमास्तर.' 'ढोलकीवर जेवणाचा परिणाम.'

गुरुजी म्हणजे आमचे गायक, प्राथमिक शाळेतले शिक्षक. ते म्हणायचे, "नोकरीत माझी इतकी तपासनी कोनी केली नाई जी."

आता डबीकडे येतो.

एकदा गिरदावर हैदराबादला गेले ते स्कूटर विकूनच. परत आले तेव्हा त्यांच्या मांडीवर काकूंच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली एक काळी लोखंडी डबी होती, विटेच्या अर्ध्या आकाराची, बाहेरदेशी बनावटीची. डायरेक्ट बॉक्स. एका बाजूला वायर आत, दुसऱ्या बाजूला वायर बाहेर, मध्ये एक खटका. दिवा नाही, काटा नाही, काही नाही. काकूंनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"हे काय वाजते?"

"वाजत नाई. ह्याच्यातून वाजते."

"आन् स्कूटर?"

"स्कूटरचा सायलेन्सर तसा बी फाटला होता."

"मी त्या स्कूटरवर बसून माहेरी जात होती," काकू म्हणाल्या. "आता ह्या डबीवर बसून जाऊ का?"

डबी काय करते ते त्यांनी आम्हाला समजावलं. मी पुढे पुस्तकातही वाचलं, पण इतकं चांगलं कुठे नव्हतं. "हे पाह्य बापू. कीबोर्डचा आवाज म्हंजे गरीब मानसाचा अर्ज. लांब वायरीतून चालला की रस्त्यात जो भेटल तो त्याच्यावर काई बी खरडते. ट्यूबलाइट खरडते, जनरेटर खरडते. त्याची घूंऽऽ ऐकू येते. आता ही डबी काय करते? अर्जाच्या दोन नकला काढते. एक सुलटी, एक उलटी. दोनी संगंच पाठवते. रस्त्यात खरडनारा दोनीवर सारखंच खरडते. तिकडं पोचल्यावर दोनी नकलांचा मुकाबला होते. जे दोनीवर सारखं, ते फालतू. ते कटलं. राह्यला तुझा अर्ज, जसाच्या तसा."

"आन् हा खटका?"

"दोन ठिकानची जमीन, म्हंजे विजेची अर्थिंग, एकमेकीशी भांडाले लागली तर हा खटका मधात बांध घालते."

सगळं बरोबर होतं. अडचण एकच होती. डबीतून इतका सोवळा होऊन निघालेला आवाज शेवटी जायचा कुठे? कडुनिंबावर बांधलेल्या टिनाच्या भोंग्यात. आमच्याकडे कार्यक्रम चांगला झाला की नाही हे ठरायचं भोंगा कुठवर ऐकू गेला त्यावर. पलीकडच्या गावच्या माणसाने दुसऱ्या दिवशी बाजारात "काल तुमचं लय ऐकू आलं" म्हटलं की यजमानाची छाती फुगायची. त्या भोंग्यातून बासरी आणि बकरी सारखीच ऐकू यायची.

गावात दुसरी एक पार्टी होती, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची. तो चौकात सगळ्यांसमोर म्हणायचा, "गिरदावर गुलाबपान्यानं हात धुते आन् मंग शेन सारवते."

गिरदावर चिडत नसत. "हात त स्वच्छ राह्यले ना," एवढंच म्हणायचे.

आवाजातली घाण काढायची त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे अर्थिंग. कार्यक्रमाच्या आधी मांडवामागे एक लोखंडी सळई जमिनीत ठोकायची, भोवती मीठ आणि कोळसा टाकायचा, आणि वरून बादलीभर पाणी. हे काम ते स्वतः करायचे, चपला काढून, कारण ओल पायाला कळते असं त्यांचं म्हणणं. भीमपूरच्या बाजूच्या एका गावात हे पाहायला बायका जमल्या. म्हातारा माणूस, अनवाणी, तोंडाने काही पुटपुटत लोखंडाला पाणी घालतो आहे. ते खरं तर सळई किती हात आत गेली ते मोजत होते. कार्यक्रम छान झाला. आम्ही सळई तिथेच विसरून आलो.

पुढच्या वर्षी त्याच गावात गेलो तर सळईला शेंदूर, भोवती दगडांचा छोटा ओटा, आणि एक बाई तांब्याने पाणी घालून राहिलेली. मी हसलो. गिरदावर हसले नाहीत. त्यांनी वाकून मातीला हात लावला.

"बाई, रोज पानी घालता?"

"रोज जी. नागा नाई."

"मीठ?"

"निवदाले मीठ नाई घालत ना जी आमी."

"घालत जा. ह्याले चालते." मग हात जोडून म्हणाले, "तुमची परवानगी असल त देवाले एक वायर बांधू का? फुलं काढत नाई. फक्त एक वायर."

बायकांनी आपसात विचार करून होकार दिला. वर्षभर रोज पाणी घातलेली अर्थिंग आख्ख्या जिल्ह्यात दुसरी नसेल. त्या दिवशी भोंग्यातून घूं नावालाही आली नाही. पंचनाम्यात त्यांनी लिहिलं, 'जमीन उत्तम. श्रेय महिला मंडळास.'

आता माझा गुन्हा. त्याच बाजूला एका दुपारच्या लग्नात घाई झाली आणि मी कीबोर्डची वायर डबीत न लावता सरळ मिक्सरला लावली. डबी स्वेटरमध्येच राहिली. लक्षात आलं तेव्हा दोन गाणी झाली होती. तेवढ्यात गिरदावर शेवटच्या रांगेतून मांडव ओलांडत आले, डोळ्यांत पाणी.

"ऐकलं का बापू? हा फरक! आज डबी बोलून राह्यली!"

मी म्हणालो, "हो जी. लय फरक."

तेव्हापासून मला खात्री पटली की डबी म्हणजे म्हाताऱ्याचा नाद. मी कॉलेजात शिकणारा, वस्तीतला एकटाच. मला वाटलं आपल्याला कळलं ते ह्यांना कळलं नाही. तोंडाने बोललो नाही, पण डबीकडे माझं लक्ष राहिलं नाही. "डबीतून वायरची पिन काढ रे," ते ओरडायचे. "पिन आत राह्यली की डबीतला सेल जागा राह्यते, आन् जागून जागून मरते." मी कधी काढायचो, कधी नाही.

मग कॅसेटचे दिवस आले. लोक लग्नाला पार्टी बोलावण्याऐवजी टेप लावायला लागले. वर्षाला वीस लग्नं वाजवणारी आमची पार्टी पाचावर आली. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला येऊन ठेपलो होतो आणि फी भरायला दुसरा मार्ग नव्हता. बाप म्हणाला, "नाई जमलं त ये घरी. वेचनी सुरूच हाय." त्याने ते मायेनेच म्हटलं होतं, म्हणून जास्त लागलं.

तेवढ्यात कळलं की रेडिओवाले उटनूरला येऊन पार्ट्या ध्वनिमुद्रित करणार आहेत. त्यातल्या दोन निवडणार. ज्या पार्टीला रेडिओचा कागद मिळेल तिला लोक कॅसेट बाजूला ठेवून बोलावतील हे सगळ्यांनाच माहीत होतं. गिरदावरांनी आम्हाला बसवून सांगितलं, "घेतलं त पार्टी चालन. नाई घेतलं त बंद. मी आता लोकाच्या दारात टाळ्या वाजवून राह्यलो त भिकारी समजतीन." गुरुजींना पगार होता. मला नव्हता. माझं शेवटचं वर्ष त्या एका दिवसावर आलं.

उटनूरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये सकाळपासून पाच पार्ट्या बसल्या. चिठ्ठ्या टाकल्या, आमचा नंबर शेवटचा. टेबलावर मोठं टेप, मागे कानाला हेडफोन लावलेले इंजिनीअर, तेलुगू बोलणारे, शांत गृहस्थ. पहिला नंबर घड्याळवाल्याचा. तो कोट घालून आला होता, हातात नवीन बिनवायरचा माइक. तो असा फिरवायचा की जणू वायर असणारे बाकीचे आम्ही खुंट्याला बांधलेली ढोरं.

त्यांच्या कीबोर्डने पहिला सूर लावला आणि घूंऽऽ सुरू झाली. इंजिनीअरांनी हात वर केला. "सौंड क्लीन लेदंडी." म्हणजे आवाज स्वच्छ नाही. वायर बदलली, घूं. जागा बदलली, घूं. हॉलची वीज एकीकडून, रेकॉर्डिंगच्या सामानाची दुसरीकडून. इंजिनीअर हिंदीत म्हणाले, "कीबोर्ड निकाल दीजिए. ऐसे ही गाइए." घड्याळवाल्याचा चेहरा उतरला. त्याची सगळी गाणी कीबोर्डवर उभी होती.

मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आणि तेवढ्यात माझ्या शेजारचे गिरदावर उठले. स्वेटर उलगडला. डबी घेऊन घड्याळवाल्याच्या कीबोर्डकडे निघाले.

मी त्यांचा सदरा धरला. "साहेब, काय करून राह्यले? दोनच घेनार हायेत! दुश्मनाच्या हातात तलवार देता?"

"तलवार काऊन? साबन देऊन राह्यलो."

"आन् आपलं?"

"आपलं आपन वाजवू. पन मी बसलो त्या हॉलमधून कोनी घान आवाज घेऊन जाईन, हे मले पाह्यवत नाई."

त्यांनी वायर डबीत लावली, डबी इंजिनीअरांच्या यंत्राला जोडली. घूं थोडी कमी झाली. मग त्यांनी खटका दाबला.

घूं गेली. सगळी. हॉलमध्ये एक चिमणी होती, ती इतका वेळ ओरडत होती हे तेव्हा कळलं.

इंजिनीअरांनी हेडफोन काढला, डबी हातात घेऊन पाहिली आणि तिच्यावरून हात फिरवला. गिरदावरांना त्यांनी खुर्ची दिली. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी पुढे गेलो आणि हेडफोनकडे बोट दाखवलं. त्यांनी तो माझ्या कानाला लावला. घड्याळवाल्याचा पोरगा नुसते सूर तपासून पाहत होता. एकेक सूर वेगळा, बोट उचललं की सूर कुठे संपतो तेही ऐकू येत होतं. मी तीन वर्षं कीबोर्ड वाजवत होतो, आणि कीबोर्ड मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

आज पोरं मला विचारतात, इतकी महागाची डबी घ्यावी का? मी सरळ सांगतो. पलीकडे टिनाचा भोंगा असेल तर नका घेऊ, स्कूटर ठेवा. पलीकडे ऐकणारं यंत्र असेल, वायर लांब असेल, दोन ठिकाणची वीज असेल, तर घ्या. आणि पिन काढत जा.

कारण चारही पार्ट्या आमच्या डबीतून वाजवून गेल्या, आणि आमचा नंबर आला तेव्हा पहिल्याच सुराला आवाज फाटला. कापड टराटरा फाटतं तसा. इंजिनीअरांनी डबी उघडली. आतला चौकोनी सेल मेला होता. आदल्या दिवशी तालमीनंतर पिन मीच आत ठेवली होती, सकाळपर्यंत.

"पाच मिनिटं," इंजिनीअर म्हणाले. त्यांना परतायचं होतं. त्यांच्याकडे तसला सेल नव्हता. गुरुजी धोतर सावरत बाजारात पळाले आणि बॅटरीचे गोल सेल घेऊन परत आले. दुकानात तेवढेच होते.

मी गिरदावरांपाशी गेलो. "साहेब, पिन मी ठेवली. माझ्यानं झालं. आन् त्या दुपारच्या लग्नात डबी मी लावलीच नव्हती, तुमी उगाच..."

"एका टायमाले एकच गुन्हा सांग," गिरदावर म्हणाले. "पयले सेल पाह्य."

तेव्हा दाराशी उभा असलेला घड्याळवाला पुढे आला. त्याने बिनवायरच्या माइकचं बूड फिरवून उघडलं, घड्याळातलं चाक काढावं तसा अलगद चौकोनी सेल काढला आणि टेबलावर ठेवला.

"घ्या. आता मले पुन्हा गा म्हटलं त मी मुका."

गिरदावरांनी सेल उचलला. "वायरचा माइक देतो ना तुले."

"तुमचा नको. तो नाकात बोलते."

आम्ही वाजवलं. गुरुजींनी स्वतः जोडलेलं वेचणीच्या बायांचं गाणं म्हटलं. मी चुकलो नाही. गिरदावर स्टेजवर नव्हते, हॉलच्या मागच्या भिंतीला कान लावून उभे होते.

परतीच्या बसमध्ये त्यांनी वही काढली. मला वाटलं आजचा पंचनामा लिहितील. ते पानं मागे उलटत त्या दुपारच्या लग्नापाशी गेले, 'डबीचा फरक स्पष्ट' ही ओळ खोडली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'नोंद चुकीची. ऐकणारा म्हातारा.' खाली सही केली. मग वही माझ्यापुढे धरली.

"तू बी कर. मौक्यावर तू होता."

मी सही केली.

महिनाभराने टपालाने कागद आला. निवडलेल्या दोन पार्ट्यांत एक जंगलातल्या गावची बायांची पार्टी होती आणि दुसरी आमची. घड्याळवाल्याचा नंबर पुढच्या वर्षी लागला. तेव्हाही डबी आमचीच होती. त्या हंगामात आम्हाला चौदा लग्नं मिळाली. मी शेवटच्या वर्षाची फी वेळेत भरली, परीक्षा दिली आणि दुसऱ्या वर्गात बी.ए. पास झालो. आमच्या वस्तीतला मी पहिला पदवीधर.